सूर्याला वाट देणारा रस्ता

आपले बहुतेक सण चंद्राच्या चालीने चालतात. दिवाळी एका वर्षी ऑक्टोबरात येते, तर पुढच्या वर्षी नोव्हेंबर उजाडतो. गणपती कधी ऑगस्टमध्येच येतात, कधी सप्टेंबर अर्धा सरल्यावर. कोल्हापुरातला एक सोहळा मात्र तारखांना खिळलेला आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. अधिक मास येवो की तिथीचा क्षय होवो, या तारखा जागच्या हलत नाहीत.

हा अंबाबाईचा किरणोत्सव. या दिवसांत मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं आणि गाभाऱ्यातल्या मूर्तीपर्यंत पोहोचतं. महाराष्ट्रात हे बहुतेकांना ऐकून ठाऊक असतं, आणि कौतुक होतं ते मंदिर बांधणाऱ्यांचं. ते व्हायलाच हवं. पण हे ऊन मंदिरात शिरण्याआधी कुठून येतं, याकडे फार कुणी पाहत नाही. ते एका रस्त्यावरून येतं. महाद्वारातून बाहेर पडलं की आडवा लागतो तो महाद्वार रोड. तो ओलांडून समोर जो रंकाळ्याच्या दिशेने निघतो तो ताराबाई रोड. चालत गेलं तर दहा-पंधरा मिनिटांत संपणारा. मला विचाराल तर हा रस्ता मंदिराचाच बाहेरचा भाग आहे. फक्त त्याला भिंती दगडाच्या नाहीत आणि वर छप्पर नाही.

दिवसा इथे कुणी वर पाहत नाही, कारण खाली पाहण्यासारखं खूप असतं. हार-फुलं, ओटीचं साहित्य, हिरव्या बांगड्या, कुंकवाच्या राशी, जवळच गुजरीतली सोन्या-चांदीची दुकानं. थोडं पुढे गेलं की कपिलतीर्थ मंडई. या मंडईच्या जागी पूर्वी खरोखरीचं तीर्थ होतं, पाण्याचं तळं. कोल्हापूर हे तळ्यांचं शहर होतं आणि त्यातली कितीतरी तळी शहराने पोटात घेतली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभं राहिलं आणि कपिलतीर्थावर भाजीचे गाळे आले. मेथीची जुडी घेताना आपण एका तळ्याच्या तळाशी उभे आहोत, हे कळल्यावर त्या मंडईत मला नेहमी वेगळंच वाटतं. रस्त्याच्या पश्चिम टोकाचा रंकाळा मात्र उरला.  रंकाळा उरला म्हणून मावळतीकडे अजून मोकळं पाणी आहे आणि त्या पाण्यावर अजून इमारती नाहीत. किरणोत्सवाच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट आहे ते पुढे दिसेल.

आधी सूर्याचं पाहू. तो वर्षातून दोनच दिवस, मार्चात आणि सप्टेंबरात, बरोबर पश्चिमेला मावळतो. एरवी तो क्षितिजावर डावी-उजवीकडे सरकत असतो. उन्हाळ्यात उत्तरेकडे जातो, दिवाळीनंतर चांगलाच दक्षिणेकडे. १० नोव्हेंबरच्या सुमारास कोल्हापुरातून पाहिलं तर तो ऐन पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला बुडतो. पुढे २१-२२ डिसेंबरपर्यंत आणखी दक्षिणेला जातो, तिथे थबकतो आणि परत फिरतो. परतीच्या वाटेवर तो त्याच जागी केव्हा येईल? जाताना जितके दिवस लागले जवळजवळ तितक्याच दिवसांनी. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे ४१ दिवस होतात. २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२. दोन्ही किरणोत्सवांचं गणित एवढंच. नोव्हेंबरातला दक्षिणायनाचा, फेब्रुवारीतला उत्तरायणाचा, आणि मधल्या वळणबिंदूपासून दोघं सारख्याच अंतरावर.

म्हणूनच तारखा हलत नाहीत. आपलं रोजचं कॅलेंडर ऋतूंशी, म्हणजे सूर्याच्या या सरकण्याशी बांधलेलं आहे. मकर संक्रांतसुद्धा सूर्याचाच सण, पण ती ताऱ्यांच्या राशींवरून मोजतात, त्यामुळे साधारण ७० वर्षांत तिची तारीख एका दिवसाने पुढे जाते. किरणोत्सव राशी पाहत नाही. तो पाहतो फक्त क्षितिजावरची जागा.

इथे एक गंमत आहे. दोन्ही वेळी सूर्य एकाच जागी मावळतो, दिवसाची लांबी सारखीच असते, तरी घड्याळ वेगळं बोलतं. नोव्हेंबरात कोल्हापूरचा सूर्यास्त सहाच्या आसपास होतो, १ फेब्रुवारीला साडेसहाच्या आसपास. अर्ध्या तासाचा फरक! पृथ्वीची सूर्याभोवतीची वाट पुरती गोल नाही आणि तिचा आस कललेला आहे, म्हणून सूर्य माध्यान्हीला येण्याची घड्याळी वेळ वर्षभर मागेपुढे होते. नोव्हेंबराच्या सुरुवातीला ती सगळ्यात लवकर असते, फेब्रुवारीत सगळ्यात उशिरा. म्हणून नोव्हेंबरात किरण पावणेसहाच्या सुमारास गाभाऱ्यात येतात, तर फेब्रुवारीत सव्वासहाच्या सुमारास. नोव्हेंबरात दर्शन घेऊन गेलेला भाविक फेब्रुवारीत त्याच वेळी आला, तर त्याला अर्धा तास थांबावं लागेल.

आता ऊन आत कसं चढतं ते पाहा. कौलारू घरात वाढलेल्या प्रत्येकाने कवडसा पाहिलेला असतो. फुटक्या कौलातून आलेला उन्हाचा तुकडा जमिनीवरून सरकत सरकत भिंतीला लागतो आणि मग भिंत चढू लागतो. मंदिरात तेच होतं, फक्त कौलाच्या जागी दगडी दारं आहेत. सूर्य वर असतो तेव्हा ऊन दाराच्या जवळच जमिनीवर पडतं. तो जसजसा खाली येतो तसतसे किरण आडवे होतात आणि आत आत जातात. महाद्वाराची कमान, गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, गाभाऱ्याच्या संगमरवरी पायऱ्या, कटांजन म्हणजे मूर्तीपुढचा कठडा आणि मग देवीचे चरण. हे टप्पे कोल्हापूरकरांना तोंडपाठ असतात. त्या वेळी मंदिरातले दिवे मालवतात. आवारातल्या पडद्यावर पाहणारी गर्दी ‘कासव चौकात आलं’, ‘उंबऱ्यावर आलं’ असं एकमेकांना सांगत असते. चरणांना स्पर्श झाला की ऊन वर चढतं: गुडघे, कंबर, छाती आणि शेवटी मुख. मूर्ती जेमतेम पावणेतीन फूट उंच, काळ्या पाषाणाची. तेवढी उंची चढायला उन्हाला काही मिनिटंच मिळतात. मग घंटा वाजतात आणि आरती होते.

या चढण्यात सगळ्या गोष्टीची मेख आहे. मुखावर ऊन केव्हा येतं? सूर्य सगळ्यात खाली असतो तेव्हा. चरणांवरचं ऊन उंचावरून येतं, मुखावरचं ऊन क्षितिजाजवळून. म्हणजे वाटेत काही अडथळा उभा राहिला तर तो आधी मुखावरचं ऊन हिरावतो, चरणांवरचं नंतर. ‘किरणे कमरेपर्यंत पोहोचली’, ‘आज छातीपर्यंतच आली’ अशा बातम्या आपण वाचतो. ढग आडवे आले असतील तर गोष्ट वेगळी. पण निरभ्र संध्याकाळी असं झालं तर त्याचा अर्थ बहुधा हाच, की शेवटच्या दोन-तीन अंशांत कुठेतरी काहीतरी आड आलं आहे.

किती मोठं काहीतरी? हिशेब करून पाहू. जमीन सपाट धरली, तर सूर्य क्षितिजापासून ३ अंश वर असताना मूर्तीकडे येणारा किरण मंदिरापासून ३०० मीटरवर सुमारे १६ मीटर उंचीवरून जातो. सूर्य २ अंशांवर आला की तोच किरण साडेदहा मीटरवर येतो, १ अंशावर पाच मीटरवर. जुन्या पेठेतलं घर तळमजला आणि वर माडी, पाच-सहा मीटरचं. त्याच्या कौलांवरून ऊन जवळजवळ सूर्यास्तापर्यंत सुखाने जात असे. त्याच जागी चार मजल्यांची इमारत उभी राहिली, की बारा-तेरा मीटरची भिंत झाली. या दिवसांत कोल्हापुरात सूर्याला १ अंश उतरायला चार-साडेचार मिनिटं लागतात. म्हणजे त्या एका इमारतीने दिवसाची शेवटची दहा मिनिटं गिळली. मुखदर्शनाची मिनिटं नेमकी तीच.

इमारतीचंच काय, गच्चीवरची पाण्याची टाकी पुरते. मंदिरापासून १०० मीटरवर, किरणाच्या वाटेत दीड मीटर उंच टाकी आली तर ती जवळजवळ १ अंश झाकते. सूर्याचं बिंब आपल्याला अर्ध्या अंशाचं दिसतं. एका टाकीमागे असे जवळजवळ दोन सूर्य एकावर एक लपतील.

अडथळा नुसता उंचीने ठरत नाही, तो जागेनेही ठरतो. या दिवसांत सूर्यास्ताची जागा रोज सुमारे ०.३ अंश सरकते. ऐकायला काहीच नाही. पण मंदिरापासून एक किलोमीटरवर, म्हणजे रंकाळ्याच्या अंगाला, ०.३ अंश म्हणजे पाच मीटर. एका घराची रुंदी. ९ तारखेचा किरण या घरावरून आला, तर १० तारखेचा शेजाऱ्याच्या घरावरून येतो. दोन घरांच्या उंचीत फरक असला की दोन दिवसांच्या किरणोत्सवातही फरक पडतो.

आणखी एक बारकावा मला फार आवडतो. सूर्य आपल्याकडे सरळ खाली बुडत नाही. उजवीकडे, उत्तरेकडे कलत तिरका उतरतो. १ अंश खाली येताना तो साधारण ०.३ अंश उजवीकडे सरकलेला असतो. त्यामुळे ऊन चढता चढता देवीच्या डाव्या अंगाकडे झुकतं आणि निसटतं. आता नोव्हेंबरचे तीन दिवस मांडा. रोज सूर्याची वाट ०.३ अंश दक्षिणेकडे सरकते, म्हणून दारांच्या बरोबर रेषेत तो रोज साधारण १ अंश अधिक खाली आल्यावर पोहोचतो. पहिल्या दिवशी रेषेत येतो तेव्हा जरा उंच, दुसऱ्या दिवशी त्याहून खाली, तिसऱ्या दिवशी आणखी खाली. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्यभाग, तिसऱ्या दिवशी मुख, असं जे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात त्यामागे भूमितीही उभी आहे. तीन दिवसांच्या मागेपुढेही ऊन रेंगाळतंच. म्हणून अलीकडे पाच दिवसांच्या नोंदी घेतात.

ज्या क्षणी आपल्याला बिंब क्षितिजाला टेकलेलं दिसतं, त्या क्षणी खरा सूर्य जवळजवळ पूर्ण बुडालेला असतो. हवेचे थर प्रकाशाला वाकवतात आणि क्षितिजावरचं बिंब सुमारे अर्धा अंश वर उचलून दाखवतात. म्हणजे सगळ्यात शेवटचे किरण बुडालेल्या सूर्याचे असतात, हवेने वाकवून आणलेले. हवेत धूळ, धुकं किंवा बाष्प जास्त असेल तर तेच किरण वाटेत विरतात. विवेकानंद महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे अभ्यासक किरणोत्सवात उजेडाची तीव्रता मोजतात ती याचसाठी, आणि कोल्हापूरच्या केआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयाने वाटेतल्या अडथळ्यांची पाहणीही केली आहे.

जगात अशा जागा आहेत. इजिप्तमधल्या अबू सिंबेलच्या डोंगरात कोरलेल्या मंदिरात २२ ऑक्टोबर आणि २२ फेब्रुवारीला सकाळचं ऊन आतल्या मूर्तींपर्यंत जातं. या जोडीतही डिसेंबरचा मधला दिवस तसाच, सारख्या अंतरावर. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनचे आडवे रस्ते पश्चिमेपासून २९ अंश वळलेले असल्याने मेअखेरीस आणि जुलैच्या मध्याला सूर्य बरोबर रस्त्याच्या तोंडाशी मावळतो आणि लोक चौकात उभे राहून फोटो काढतात. पण अबू सिंबेलच्या समोर पाणी आणि वाळवंट आहे, तिथे कुणी मजला चढवत नाही. मॅनहॅटनमध्ये ऊन कुणाला भेटायला निघालेलं नसतं. कोल्हापुरात सूर्य आणि मूर्ती यांच्यामध्ये भाजी विकणारं, घरं बांधणारं, वायरी टाकणारं जिवंत शहर आहे, आणि तरीही ऊन पोहोचतं. याचं आश्चर्य मला त्या दोन्हींपेक्षा जास्त वाटतं.

आता या रस्त्याच्या नावाकडे वळतो. ताराबाई म्हटलं की आम्हा नेसरीकडच्या माणसांच्या मनात करवीरची, म्हणजे कोल्हापूरची गादी उभी करणारी महाराणीच येते, आणि तिच्या मागोमाग आमची खिंड. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर नेसरीच्या खिंडीत बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि तिथेच पडले; बरोबर सहाच स्वार होते, असं परंपरा सांगते. त्यांच्यानंतर सरनोबती मिळाली तळबीडच्या हंसाजी मोहित्यांना, म्हणजे हंबीररावांना. ताराबाई या हंबीररावांच्या कन्या, जन्म १६७५ चा. पुढे राजाराम महाराजांच्या राण्यांत प्रतापरावांच्या कन्या जानकीबाई होत्या, हंबीररावांच्या ताराबाई होत्या, आणि कागलकर घाटग्यांच्या राजसबाईही. नेसरीच्या खिंडीतल्या त्या एका दिवसाचे धागे असे थेट छत्रपतींच्या घरात गेले.

ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर स्वतंत्र गादी मांडली. १७१४ मध्ये राजसबाईंनी ती उलथवली, ताराबाई कैदेत गेल्या आणि राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. आणि या घरगुती वादळाच्या दुसऱ्याच वर्षी एक मोठं काम झालं. आक्रमणाच्या भयाने अंबाबाईची मूर्ती मंदिरातून हलवून पुजाऱ्याच्या घरी लपवून ठेवलेली होती. १७१५ च्या दसऱ्याला, संभाजी महाराजांच्या आज्ञेने, सिधोजी हिंदुराव घोरपड्यांनी ती पुन्हा गाभाऱ्यात बसवली.  आमच्याकडचा माणूस देवीच्या दर्शनाला येतो तो असा, घरच्याच इतिहासातून.

१७१५ पूर्वीच्या वर्षांचा विचार करताना मी थबकतो. गाभारा रिकामा होता, पण दारांची रेषा दगडात पक्की होती आणि पश्चिमेला ठेंगणी घरं नि रंकाळ्याचं पाणी होतं. त्या नोव्हेंबरांतही ऊन वेळेवर येतच असणार. राज्यं बदलली, मूर्ती गेली नि परतली, तरी रस्त्यावरची हवा मोकळी होती. औरंगजेबाच्या धामधुमीला जे जमलं नाही ते सिमेंटच्या चार मजल्यांना जमतं, हे मला फार लागतं.

मी घरं बांधणाऱ्यांना दोष देत नाही. पेठेत जागा इंच-इंच मोजून मिळते. कुटुंब वाढलं की माणूस वरच जाणार. पण पुरातन वास्तूंविषयी आपण जे ठरवतो ते नेहमी दगडापाशी थांबतं: भिंत सांभाळा, शिल्प सांभाळा, कळस सांभाळा. इथे सांभाळायची गोष्ट म्हणजे रिकामी जागा आहे. महाद्वारापासून रंकाळ्यापर्यंत, पश्चिमेपासून १८ अंश दक्षिणेला, अंतराप्रमाणे उंचावत जाणारी हवेची एक अरुंद पट्टी. तिचं मोजमाप करता येतं, नकाशावर आखता येतं, आणि त्या पट्टीतल्या प्रत्येक मिळकतीला ‘तुमच्या जागेवर इतक्या मीटरपर्यंतच बांधा’ असं सांगता येतं. किरणोत्सव जवळ आला की टाक्या, फलक आणि वायरी हलवण्याची धावपळ दरवर्षी होते. ती स्तुत्य आहे, पण ती पुरेशी नाही. टाकी हलवता येते, मजला हलत नाही. ज्यांच्या घरावर या पट्टीमुळे मर्यादा येईल त्यांना योग्य मोबदला किंवा बांधकामाचा हक्क दुसरीकडे मिळायलाच हवा. सगळ्या महाराष्ट्राची देवी असेल तर तिच्या उन्हाची किंमत एकट्या ताराबाई रोडने का मोजायची?

या रस्त्यावर ज्यांचं घर आहे त्यांना एवढंच सांगणं आहे: गच्चीवर नवी टाकी, सोलर किंवा पत्रा चढवण्याआधी १० नोव्हेंबरला पावणेसहा वाजता एकदा वर जाऊन उभे राहा. सूर्य आणि महाद्वार तुमच्या गच्चीवरून एका रेषेत दिसत असतील, तर ती वस्तू चार पावलं बाजूला घ्या. आणि जे दर्शनाला येणार आहेत त्यांनी नोव्हेंबरात पाचच्या आत पोहोचावं, फेब्रुवारीत साडेपाचच्या आत. त्या वेळी महाद्वाराच्या कमानीत मधोमध मात्र उभं राहू नका, कडेला सरका. ऊन तुमच्या मागून येत असतं.